डोळे चोळणारा तो प्राणी कुठल्या पिक्चरमधला होता?

अर्धवट_आठवण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो, आज विचारतोच.

मी तिसरी-चौथीत असताना चुलतभावाकडे एक व्हिडिओ कॅसेट होती. तिच्यावर सुरुवातीला कुणीतरी दुसरंच काहीतरी टेप करून ठेवलेलं, त्यामुळे पिक्चरचं नाव, पाट्या, पहिली काही मिनिटं सगळं गेलेलं. आमच्यासाठी पिक्चर सुरू व्हायचा तो थेट इथून, की समुद्राकाठी एका पोराला एक नळकांडं सापडतं, त्यात जेलीसारखा गोळा असतो आणि तो गोळा ते पोरगं एका म्हाताऱ्या डॉक्टरला विकतं. मग रात्री टेबलावर तो गोळा फुटतो आणि आतून एक छोटासा प्राणी बाहेर येतो, माणसासारखा दोन पायांवर उभा, पण शेपटी आहे, अंगावर खवले आहेत. एक मुलगी खोलीत येते, दिवा लावते. आणि तो प्राणी, नुकता जन्मलेला, हात वर करून डोळे चोळतो.

बस एवढंच. दोन-तीन सेकंदांचं असेल. पण माझी धाकटी बहीण तेव्हा दीड वर्षाची होती आणि रात्री दिवा लावला की ती अगदी तस्संच करायची, त्यामुळे मला तो प्राणी त्या क्षणापासून घरातलाच वाटायला लागला. पुढे तो रात्रीत वाढतो, पळतो, गावात शिरून माणसं खातो, एका हत्तीशी त्याची जबरदस्त मारामारी होते आणि शेवटी एका प्रचंड मोठ्या पडक्या गोल दगडी इमारतीवर चढतो तिथे त्याला तोफांनी पाडतात. मी रडलो होतो. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तोही गप्प झाला होता.

रंगाने हिरवा होता एवढं नक्की आठवतं.

तर पहिला प्रश्न, हा पिक्चर कुठला? आणि दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. त्यानंतर मी या प्रकारातलं काय काय बघितलं, आताचे राक्षस तर असे की अंगावरचा पाण्याचा थेंबन् थेंब दिसतो, पण सकाळी उठल्यावर त्यातलं एकही डोळ्यासमोर येत नाही. आणि तो रबराचा की मातीचा जो काही होता तो पस्तीस वर्षं गेला नाहीये. हे फक्त बालपण आहे का, की त्या पिक्चरमध्येच काहीतरी होतं?

जुनी_रिळं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ, १९५७. ती गोल इमारत म्हणजे रोमचं कलोसियम. तुमच्या कॅसेटमध्ये जी सुरुवात गेली त्यात अमेरिकेचं रॉकेट शुक्रावरून परत येताना सिसिलीजवळ समुद्रात कोसळतं आणि कोळी लोक होडीतून जाऊन आतल्या माणसांना बाहेर काढतात, असा प्रसंग आहे, तो जरूर बघा. ते नळकांडं त्या रॉकेटमधलंच. प्राण्याचं नाव इमिर, पण गंमत म्हणजे पिक्चरभर हे नाव एकदाही कुणी घेत नाही, ते बनवणाऱ्यांच्या कागदपत्रांत होतं आणि चाहत्यांनी ते उचललं.

बनवणारा माणूस रे हॅरीहाउजेन (१९२० ते २०१३). मी या माणसाबद्दल तासन् तास बोलू शकतो पण आवरतो. तुमचा प्राणी मातीचा नव्हता. आत स्टीलचा सांगाडा, प्रत्येक सांध्याला गोळी आणि वाटी, म्हणजे आपल्या खांद्याचा सांधा असतो तसा, आणि त्याच्यावर फोम रबराची कातडी. सांधे मुद्दाम घट्ट ठेवतात, म्हणजे हात जिथे सोडाल तिथेच राहतो. मग एक फोटो घ्यायचा, हात केसभर हलवायचा, दुसरा फोटो. एका सेकंदाला चोवीस. तुम्हाला आठवतंय ते डोळे चोळणं तीन सेकंदांचं धरलं तरी बहात्तर वेळा एका माणसाने त्या बाहुल्याचे हात, खांदे, मान, शेपटी सगळं थोडं थोडं हलवलंय, आणि प्रत्येक वेळी लक्षात ठेवलंय की आधीच्या फोटोत काय कुठे होतं. शेपटीचं टोक सुद्धा. मोठ्या कामासाठी हाताखाली पंचवीस माणसं असतील असं आपल्याला वाटतं पण हॅरीहाउजेन हे अ‍ॅनिमेशनचं काम जवळजवळ आयुष्यभर एकटा करत होता. आणि सांगाडे कोण करायचं, तर त्याचे वडील. ते मशिनिस्ट होते, पोराने काढलेल्या ड्रॉइंगवरून एकेक सांधा घडवून द्यायचे. मला हे कळल्यापासून त्या पिक्चरांकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो.

आता एक सांगायचंय, वाईट वाटून घेऊ नका. इमिर हिरवा नव्हता. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे. हॅरीहाउजेनला तो रंगीत करायचा होता पण पैशात बसलं नाही. २००७ मध्ये त्याच्या देखरेखीखाली एक रंगवलेली आवृत्ती निघाली खरी, पण तुम्ही पस्तीस वर्षांपूर्वीचं सांगताय, त्यामुळे तो हिरवा तुम्ही स्वतः भरलाय. आणि तो माणसं खात नाही. काय खातो ते आठवतंय का बघा.

अर्धवट_आठवण

मी हे वाचून दहा मिनिटं नुसता बसून होतो. नाव मिळालं राव! किती वर्षांनी! भावाला लगेच फोन केला, त्यालाही तो हिरवाच आठवतोय, शपथेवर सांगतो म्हणाला.

काय खातो ते नाही आठवत. सांगू नका, शोधून बघतोच.

दर्शना_लिहिते

दुसऱ्या प्रश्नावर माझं म्हणणं मांडते, जरा लांबेल.

मला वाटतं बालपण हे कारण आहेच पण ते अर्धं. उरलेलं अर्धं असं की त्या काळच्या चांगल्या पिक्चरांत राक्षसाची बाजू पडद्यावर असायची. तो आपण होऊन आलेला नसतो, कुणीतरी त्याला आणलेलं असतं. काँगला बेटावरून साखळ्या घालून आणलं. तुमच्या इमिरला शुक्रावरून डब्यात घालून आणलं. फ्रँकेन्स्टाइनच्या प्राण्याला तर मेलेल्यातून उठवलं, त्याला कोण विचारतंय की तुला यायचंय का?

१९३१ च्या त्या फ्रँकेन्स्टाइनमधला तळ्याकाठचा प्रसंग घ्या. छोटी मुलगी, तिला त्याची अजिबात भीती वाटत नाही, ती त्याला फुलं देते, दोघं मिळून फुलं पाण्यात टाकतात आणि ती तरंगतात, आणि तो हसतो. तो प्राणी झालेल्या बोरिस कार्लोफच्या चेहऱ्यावर एवढा मेकअप आहे तरी ते हसू आरपार येतं. मग हातातली फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, आणि मुलीला उचलून पाण्यात टाकतो कारण त्याच्या हिशोबाने तीही तरंगणार असते. आणि ती बुडाल्यावर त्याची जी घालमेल होते ती बघवत नाही. सेन्सॉरने हाच भाग कापला होता, तो तिच्याकडे हात नेतो तिथेच तोडला, आणि पुढे थेट बाप पोरीचं प्रेत उचलून आणताना दिसतो. म्हणजे कापल्यामुळे बघणाऱ्याच्या मनात आणखी भयंकर काहीतरी आलं आणि तो निष्पाप गोंधळ होता हे कळायलाच मार्ग राहिला नाही. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला. मी आधी कापलेला बघितला होता आणि नंतर पूर्ण, आणि एवढ्याशा तुकड्याने माझ्यासाठी तो पूर्ण पिक्चर बदलला.

आणि क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून (१९५४). नायिका वरून पोहत असते, तिला काही माहीत नाही, आणि खाली खोल पाण्यात तो जलराक्षस तिच्या बरोबरीने, उताणा होऊन पोहतो. धरत नाही, ओढत नाही, नुसता बरोबर जातो, एकदा फक्त तिच्या पायाला हात लावून मागे घेतो. पाण्यातला तो म्हणजे रिको ब्राउनिंग नावाचा पोहणारा, सूटमध्ये हवेची टाकी बसत नव्हती म्हणून तो श्वास रोखून काम करायचा, काही काही वेळा चार मिनिटांपर्यंत. जमिनीवरचा माणूस वेगळा, बेन चॅपमन.

तो चेहरा डिझाइन केला मिलिसेंट पॅट्रिक या बाईने. हे मी मुद्दाम लिहितेय कारण किती तरी वर्षं हे लोकांना माहीतच नव्हतं. स्टुडिओने तिला प्रसिद्धीसाठी दौऱ्यावर पाठवलं, पण मेकअप विभागाच्या प्रमुखाला तिचं नाव झालेलं खपलं नाही, श्रेय त्याने स्वतःकडे ठेवलं आणि नंतर तिला तिथे काम मिळालं नाही. इतका देखणा राक्षस सिनेमात दुसरा झालेला नाही असं माझं ठाम मत आहे, आणि पाट्यांमध्ये तिचं नाव नाही.

खरखर

दर्शनाताई फार छान लिहिलंत. मी एकच गोष्ट जोडतो, आवाज. सगळे दिसण्याबद्दल बोलतात पण मला हे पिक्चर कानाने आठवतात.

गॉडझिलाची डरकाळी. १९५४. आधी त्यांनी प्राण्यांचे आवाज करून बघितले, जमेना. शेवटी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास घेतला, म्हणजे ते माणसापेक्षा उंच व्हायोलिनसारखं वाद्य, त्याच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्या तारांवरून खरवडत ओढला, आणि ते रेकॉर्डिंग हळू करून वाजवलं. आता परत ऐका ती डरकाळी. सुरुवातीला जी चरचर आहे ना, काहीतरी फाटत जातंय असं वाटतं ती, तो मोजा आहे. मी हे वाचल्यावर घरी एका तारेवर करून बघितलं होतं, डरकाळी नाही झाली पण अंगावर काटा आला तो आलाच.

दुसरं, थेरमिन. या वाद्याला हात लावायचाच नाही, दोन अँटेना असतात, एकीजवळ हात नेला की सूर चढतो, दुसरीजवळ नेला की आवाज कमी होतो. द डे द अर्थ स्टूड स्टिल (१९५१) मध्ये संगीतकार बर्नार्ड हरमनने दोन थेरमिन वापरली. त्यानंतर त्या प्रकारातले इतके पिक्चर त्या आवाजाने भरले की आज कुणी नुसता तोंडाने तसा हुंकार काढला तरी लोकांना उडती तबकडी दिसते.

आणि फॉरबिडन प्लॅनेट (१९५६) मध्ये तर वाद्यच नाहीत. लुई आणि बीबी बॅरन हे नवराबायको स्वतः सर्किट जोडायचे आणि त्यात इतका करंट सोडायचे की ते किंचाळायला लागायचं आणि शेवटी जळायचं, आणि ते मरताना जे काही आवाज करेल ते टेपवर घ्यायचे. एक सर्किट जळालं की तो आवाज परत कधीच मिळणार नाही. त्या पिक्चरमधला राक्षस तर जवळजवळ सगळा वेळ अदृश्यच आहे, फक्त पावलं उमटतात, आणि तरी घाबरायला होतं ते त्या जळणाऱ्या सर्किटांमुळे.

गणिताचा_मास्तर

विज्ञानाच्या बाजूने थोडं. या पिक्चरांना लोक चुका काढतात की एवढी मोठी मुंगी असूच शकत नाही. बरोबर आहे, नसते. प्राण्याची लांबी दहापट केली की पायाच्या हाडाचा छेद शंभरपट होतो आणि वजन हजारपट, म्हणजे पायाच्या तेवढ्याच जागेवर दहापट भार, पाय मोडणार. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे लिहून ठेवलंय आणि मोठ्या प्राण्याचं हाड किती जाडजूड लागेल त्याचं चित्रही काढलंय. शिवाय मुंगीला फुप्फुसं नसतात, अंगावरच्या छिद्रांतून हवा आत जाते, एवढ्या मोठ्या शरीरात ती पोचणारच नाही.

पण मला हे कसं कळलं ते सांगतो. देम! (१९५४) बघून. सुरुवातीला वाळवंटात एक लहान मुलगी हातात तुटलेली बाहुली घेऊन चालत असते, धक्क्याने वाचा गेलेली, डोळे उघडे पण काहीच बघत नाहीत. पुढे तिच्या नाकाखाली फॉर्मिक आम्लाचा ग्लास धरतात, म्हणजे मुंग्यांमध्ये असतं ते आम्ल, आणि ती एकदम किंचाळते. तोपर्यंत एकही मुंगी दाखवलेली नसते! मी तेव्हा सातवीत, मला आठवडाभर झोप नीट लागेना, मग मी शाळेच्या लायब्ररीत जाऊन शोधायला लागलो की अशी मुंगी खरंच होऊ शकते का, आणि तिथे हा वर्ग आणि घनाचा हिशोब सापडला. एवढा आनंद झाला होता की काय सांगू, भीती गेली आणि गणित राहिलं. आज मी हा धडा शिकवतो तेव्हा त्या मुंग्यांपासूनच सुरू करतो.

स्पष्टच_बोलतो

मी थोडा विरोधात लिहिणार आहे, प्रेमापोटीच लिहितोय.

आपण चांगले चार पिक्चर आठवतो आणि तो काळच सोन्याचा होता म्हणतो. तसं नव्हतं. एका इमिरमागे कितीतरी पिक्चर असे होते की पाठीवरची चेन दिसतेय असा सूट घालून माणूस झुडपातून येतो. आणि काही तर मला आज बघवत नाहीत. १९४० च्या वन मिलियन बी सी मध्ये डायनासोर म्हणून काय दाखवलंय तर मगरीच्या पाठीवर माशाच्या परासारखा पडदा चिकटवून तिला मोठ्या सरड्याशी खरोखर झुंजवलंय. ते रक्त खरं आहे. आणि ते फुटेज पुढे वर्षानुवर्षं इतर पिक्चरांत परत परत वापरलं. लहानपणी मी ते टाळ्या वाजवून बघितलं होतं, आता कळतं तेव्हा लाज वाटते.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटरला उगाच झोडू नका. जुरासिक पार्क (१९९३) च्या वेळी फिल टिपेट आणि त्याची माणसं, जी बाहुल्या हलवण्यात मुरलेली होती, त्यांना आधी वाटलं आपला धंदा संपला. पण मग त्यांच्यासाठी एक सांगाडा बनवला, सांध्या-सांध्यात सेन्सर बसवलेले, तो हाताने हलवायचा आणि कॉम्प्युटरमधला डायनासोर तसा हलायचा. म्हणजे त्यातल्या काही शॉटमध्ये हात तोच, माणसं तीच. म्हणून तो पिक्चर आजही टिकलाय असं मला वाटतं. हात कशात घातलाय यापेक्षा तो कुणाचा आहे आणि त्याने किती वेळ दिलाय हे बघा.

आणि एक तक्रार आहेच. द वॉर ऑफ द वर्ल्ड्स (१९५३) मधली मंगळाची यानं तारांवर टांगलेली होती. मूळ टेक्निकलर प्रिंट, म्हणजे त्या काळची रंगीत फिल्म, जरा मऊ असायची, त्यात त्या तारा लपून जायच्या. पुढे जसजशा स्वच्छ, कडक आवृत्त्या निघाल्या तसतशा तारा ठळक दिसायला लागल्या आणि नवीन बघणारे म्हणायला लागले काय हे, तारा दिसतायत. त्या बनवणाऱ्यांनी दिसू दिल्याच नव्हत्या हो! आपण त्यांचं काम त्यांना नको होतं अशा उजेडात बघतोय.

जुनी_रिळं

स्पष्टच यांचं मगरीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तारांचंही.

पण हाताबद्दल थोडं अजून. किंग काँग (१९३३) मध्ये विलिस ओब्रायनने काँग हलवला, साधारण दीड फुटाची बाहुली, सशाच्या कातडीची केसाळ. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका फोटोला, तिला धरायचं म्हणजे केसांवर बोटं पडणारच, आणि पडद्यावर ते केस सतत सळसळतात. लोकांना वाटलं रागाने अंगावरचे केस थरारतायत. खरं म्हणजे तुम्हाला तिथे ओब्रायनची बोटं दिसतायत, नव्वद वर्षांपूर्वीची. हा पिक्चर १३ वर्षांच्या हॅरीहाउजेनने बघितला आणि त्याचं आयुष्य ठरलं, पुढे तो ओब्रायनच्याच हाताखाली मायटी जो यंग (१९४९) ला काम करत होता. जेसन अँड द अर्गोनॉट्स (१९६३) मध्ये सात सांगाडे तीन जिवंत माणसांशी तलवारीने लढतात, त्या प्रसंगाला साडेचार महिने लागले, दिवसाला सरासरी १३ फ्रेम. म्हणजे दिवसभर दिवे लावून उभं राहायचं आणि संध्याकाळी हातात अर्धा सेकंद.

आता गॉडझिलाची गंमत बघा. गॉडझिलाची ट्रिक दृश्यं करणारा एइजी त्सुबुराया हा काँगचा भक्त, त्यालाही हेच करायचं होतं. पण त्याने हिशोब केला तर असा पिक्चर करायला सात वर्षं लागली असती, आणि हातात होते काही महिने. म्हणून माणसाने आत शिरायचा सूट. सूट शंभर किलोच्या आसपास, आत हारुओ नाकाजिमा, तापलेल्या दिव्यांखाली. चालता येईना. तरी तो माणूस आधी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं पाऊल कसं टाकतात ते बघून आला होता. आणि कॅमेरा वेगाने चालवायचा, म्हणजे नेहमीच्या वेगाने दाखवलं की पडणारी भिंत सावकाश पडते, आणि सावकाश पडली की ती मोठी वाटते. त्या वजनाला काय कारण आहे असं कुणी विचारलं तर हेच, ते वजन खरंच त्याच्या अंगावर होतं.

पण मूळ जपानी गॉडझिलाला मी मॉन्स्टर पिक्चर म्हणतच नाही. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांजवळ अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, लकी ड्रॅगन क्रमांक ५, सगळे खलाशी आजारी पडले आणि सप्टेंबरमध्ये त्यातला एक गेला. पिक्चर लागला ३ नोव्हेंबरला. पहिल्याच प्रसंगात समुद्रात एक बोट लखलखाटात पेट घेते, तेव्हा थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळलं असणार हे काय चाललंय. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमा डोळ्यांनी बघून आला होता. शहर जळत असताना रस्त्यात एक आई पोरांना कवटाळून बसलीय आणि सांगतेय की आता आपण बाबांकडे जाणार. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका लहान पोरीसमोर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, धरतात आणि तो वाजतो, आणि धरणारा माणूस काही न बोलता मान हलवतो. मी हा प्रसंग तीनदा बघितलाय, तिन्ही वेळा पुढची पाच मिनिटं काय झालं मला सांगता आलं नाही.

अमेरिकेत १९५६ ला जो लागला त्यात बॉम्बबद्दलचं बरंच काढून टाकलं आणि मध्ये मध्ये एक अमेरिकन वार्ताहर घुसवला. वाईट पिक्चर नाहीये तो, पण पहिल्यांदा बघणार असाल तर कृपा करून जपानीच बघा.

अर्धवट_आठवण

मंडळी, बघितला. काल रात्री. मुलीला घेऊन, ती सात वर्षांची आहे.

आधी हिरव्याचं. खरंच ब्लॅक अँड व्हाइट आहे, एक ठिपका हिरवा नाही, आणि तरी बंद डोळ्यांनी मला आताही तो हिरवाच दिसतोय. काय करणार.

तो गंधक खातो! कोठारात शिरतो आणि गंधकाची पोती फोडतो. आख्ख्या पिक्चरमध्ये एकही माणूस खात नाही. मी पस्तीस वर्षं त्याच्यावर खोटा आळ घेत होतो. आधी कुत्रा अंगावर जातो, मग तो शेतकरी काट्याने भोसकतो, तेव्हा तो उलटतो. आणि वाढतो तेसुद्धा इथल्या हवेमुळे, त्याच्या घरच्या हवेत तसं झालं नसतं. दर्शनाताई तुमचं म्हणणं बघताना सारखं आठवत होतं, आणलेला आहे तो, आलेला नाही.

डोळे चोळण्याचा सीन आला तेव्हा मी मुलीकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. तिने काहीच विचारलं नाही की हे खरं आहे का, कसं केलंय, काही नाही. तिने विचारलं, याची आई कुठंय. मग म्हणाली मागे घे, परत बघू. चारदा बघितलं. हत्तीच्या वेळी ती उशी तोंडावर घेऊन बसली आणि कलोसियमच्या वेळी उठून आत निघून गेली, शेवट बघितलाच नाही. मला वाटलं घाबरली. सकाळी बघतो तर तिने क्लेचा एक केलाय, दोन पाय, शेपटी, सगळं. आणि फोन द्या म्हणाली.

तर आता तिसरा प्रश्न, जुनी_रिळं यांना. आम्ही आज दुपारी वीसेक फोटो काढले, एकामागून एक चालवून बघितले तर हलतोय खरा, पण दोन अडचणी आहेत. एक, तो उभाच राहत नाही, दहा फोटो झाले की गुडघ्यातून बसतो. दोन, सगळं चित्र थरथरतं. काय चुकतंय?

जुनी_रिळं

काहीच चुकत नाहीये, सगळ्यांचं पहिल्यांदा हेच होतं.

आत तार घाला. अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार मिळते ती, दुहेरी पिळून, पाय आणि पाठीचा कणा एकाच तुकड्यात, आणि क्ले वर पातळ थापा, जाड नको, वजनानेच बसतोय तो. पावलांखाली तारेची टोकं थोडी बाहेर ठेवा आणि पुठ्ठ्यात किंवा थर्माकोलमध्ये खोचा, प्रत्येक पावलाला खोचायचं, काढायचं. थरथर फोन हलल्यामुळे आहे, तो कशाला तरी घट्ट बांधा आणि बटणाला हात लावू नका, इअरफोनच्या बटणाने किंवा टायमरवर काढा. खिडकीचा उजेड नको, दिवा लावा, ढग आला की चित्र लुकलुकतं. सेकंदाला चोवीसच्या मागे लागू नका, बारा पुरे.

आणि पहिला सीन म्हणून चालणं घेऊ नका, ते सगळ्यात अवघड. डोळे चोळणंच करा, त्यात पाय हलत नाहीत. हात दर फोटोला काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढाच हलवायचा, आणि हात वर जाताना मान थोडी खाली येते ते विसरू नका, तिला सांगा स्वतः आरशासमोर करून बघ.

दर्शना_लिहिते

झालं की इथे टाका. आणि तिला विचारा रंग कुठला घेतलाय.

अर्धवट_आठवण

हिरवा. मी काही बोललो नव्हतो हो तिच्याशी.